तंबाखूच्या तीन कांड्या

बोट मंगळवारी सुटणार, म्हणजे
मंगळवार नावाच्या कुठल्यातरी दिवशी.
बेतिओच्या धक्क्यावरचा कारकून हे सांगताना
कानात काडी फिरवत डोळे मिटतो.
डिझेल आलं की निघेल, पिठाची पोती आली की निघेल,
कप्तानाच्या मेहुणीचं बाळंतपण उरकलं की निघेल.
मी लिहिते : मंगळवार.
तारखेच्या जागी एक भोक सोडते.

वही रोतियाची, चौथीची, गणिताची.
उरलेल्या सहा पानांत बिकेनिराओ बसवायचं आहे.
लांबी : उजाडता निघालं तर न्याहारीपर्यंत.
रुंदी : इकडे शिंकलं
तर पलीकडच्या होडीतला माणूस मान वर करतो.
उंची लिहिण्यासारखी नाही. माड धरले तर आहे.

तियाओन म्हणतो, आधी पाण्याचं बघ.
विहीर आहे, पण दोन वर्षांपूर्वी
समुद्र तिच्यात डोकावून गेला,
तेव्हापासून चहात साखर किती घातली तरी कळत नाही.
माणशी चार लिटर, माणसं तीन,
गुणिले किती दिवस?
भोकाने गुणता येत नाही.
हातचा एक धरते आणि पुढच्या ओळीवर जाते.

रेडिओवर तेबुआकी मावशी आली,
उकळत्या भातावरचं झाकण बोलावं तशी :
तांदूळ नकोत, तांदूळ बोटीवर येतातच.
चाळीस नंबरचा नायलॉन आणा, बारके गळ आणा,
शिवणयंत्राचा पट्टा आणा, जुना तुटला तो मीच तोडला,
आणि चष्मे आणा.
नंबर कुठलाही चालेल,
डोळा आम्ही शोधू.

दवाखान्याच्या कपाटात सतरा पडून होते,
गेल्या शिबिराचे. एकाला काडी नाही.
मोठ्या नर्सबाईंनी पाठ फिरवली आणि
खिडकीबाहेर बराच वेळ काहीतरी बघितलं.

आईच्या थडग्याच्या कडेला एक पोतं सिमेंट.
ते डेकवर राहील, कारकून म्हणाला,
वाटेत भिजलं तर थडगं बोटीतच तयार.
तो विनोद होता.
मी लिहिलं : प्लास्टिक, जाड, दोन.

आता तंबाखू.
बेटाच्या उत्तर टोकाला दगडांचं कोंडाळं आहे.
नव्या माणसाने आधी तिथे जायचं,
तंबाखू ठेवायची, तिथली वाळू गालाला लावायची,
म्हणजे बेट त्याचा चेहरा लक्षात ठेवतं.
लहानपणी ते काम माझ्याकडे होतं.
पाद्री, शिरगणतीवाला, पंप बसवायला आलेला
तो उंचच उंच फिजीचा माणूस,
सगळ्यांना बोटाला धरून नेलंय मी,
वाका म्हटलंय, अजून वाका.

तियाओनची एक कांडी. रोतियाची एक.
माझी?
तिथेच जन्मले. पण एकोणीस वर्षं झाली.
रेडिओवर विचारलं : मावशी, दोन आणू की तीन?
खरखर. कुणीतरी खोकलं.
मग ती खोलीतल्या बाकीच्यांना विचारताना ऐकू आली,
बरीच माणसं असावीत, एक हसलं,
एकजण म्हातारा रागाने काही बोलला,
आणि बॅटरी संपली.

दोन लिहिले. खोडले. तीन लिहिले.
रोतिया म्हणाली, आई, हे गणित चुकलंय का?
म्हटलं, बघू.

बोट खडकाबाहेरच नांगर टाकते.
तिथून पुढे चालत जायचं, ओहोटीला मांडीभर पाणी,
भरतीला छातीभर, पायाखाली प्रवाळ, चपला काढायच्या नाहीत.
सामानाची यादी संपली त्याखाली मी कोण काय धरेल ते लिहिलं :
सिमेंटला दुसरी फेरी.
रोतिया तियाओनच्या खांद्यावर.
चष्मे माझ्या डोक्यावर, टोपलीत.
तिसरी कांडी प्लास्टिकमध्ये, माझ्या दातांत,
म्हणजे किनाऱ्यावरून कुणी ओरडलं, कोण आलंय,
तर लगेच उत्तर द्यायला नको.